हाताला कळणारी काठी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला तो पुठ्ठ्याची लांबलचक नळी काखेत मारूनच. आत मासे धरायची काठी, म्हणजे आताच्या भाषेत रॉड. अमेरिकेतल्या तळ्यांवर बास नावाचा मासा पकडणाऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याला हे वेड लागलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याहून निघालो आणि सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर जाऊन बसलो. सात ते अकरा त्यानं शंभरदा तरी दोरी फेकली असेल. वीस पावलांवर एक बारका पोरगा होता. हातात बांबूची शेलाटी काठी, तिला बांधलेली नायलॉनची दोरी, ज्वारीच्या धांड्याचा तरंगता तुकडा आणि गळाला गांडूळ. अकरापर्यंत त्याच्या पिशवीत सात चिलापी पडल्या. भाच्याची पिशवी कोरडी.

"मामा, मासे येतायत हो. दोरी हललेली दिसते, पण हाताला काहीच कळत नाही."

मी त्याची काठी हातात घेतली आणि दोष कुठं आहे ते दिसलं. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हेवी, ३० ते ८० ग्रॅम. समुद्रकाठच्या खडकांवरून जड शिसं लांब फेकायची ती काठी. तिच्या दोरीला यानं बांधला होता तीन ग्रॅमचा रबरी किडा. पहारीनं रांगोळी काढायचा प्रकार. पैसे कमी पडले होते असंही नाही, चांगले चार हजार मोजले होते. तेवढ्याच पैशांत योग्य काठी आली असती.

त्याला हवं होतं ते फिनेस. या शब्दाला मराठीत मी नाजूक गळ म्हणतो. बारीक दोरी, दोन ते दहा ग्रॅमचं आमिष, लहानसा गळ आणि ओढण्याचा वेग इतका कमी, की पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस झोपलाय. पाणी नितळ असतं, मासा शहाणा झालेला असतो किंवा त्याचं तोंडच लहान असतं, तेव्हा ही पद्धत चालते. अमेरिकेत नि जपानात तिची बारीकसारीक अवजारं बासच्या निमित्तानं घडली. बास मुळातला उत्तर अमेरिकेचा. जपानात तो १९२५ साली आशी तळ्यात सोडला आणि पुढं तिथल्या देशी माशांना इतका डोईजड झाला, की २००५ पासून तो जिवंत नेण्यावर आणि पाण्यात सोडण्यावर कायद्यानं बंदी आली. आपल्याकडच्या धरणांत तो नाही, आणि नाही तेच बरं.

कारण परका मासा काय करतो ते आपण चिलापीवरून पाहिलंच आहे. मूळची आफ्रिकेची ही तिलापिया १९५२ मध्ये भारतात आली आणि आता धरण म्हटलं की चिलापी हे समीकरणच झालंय. पण नाजूक गळाचे धडे गिरवायला तिच्यासारखा गुरू नाही. तिचा नर उथळ पाण्यात तळाशी खड्डा करतो. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. त्या खड्ड्यापाशी काही बारीक वस्तू आली की नर ती चावत नाही. तोंडात ओढतो आणि बाहेर थुंकतो. भूक लागलेली चिलापीही आमिष आधी असंच चोखून बघते. हे सगळं एक-दोन सेकंदांत उरकतं. तेवढ्यात हाताला कळलं तर मासा तुमचा, नाहीतर किडा जसाच्या तसा परत येतो आणि तुम्ही म्हणता, आज पाण्यात मासाच नाही.

पोराच्या बांबूत हे आपोआप साधलं होतं. बांबू बुडाशी जाड, शेंड्याला निमुळता, आतून पोकळ, वजनाला हलका. शेंडा माशाच्या ओठाबरोबर वाकतो, त्यामुळं माशाला अडकल्यासारखं वाटत नाही आणि आमिष क्षणभर जास्त तोंडात राहतं. बुडखा मात्र ताठ, झटका मारला की जोर पोचतो. आजची महागातली महाग काठीसुद्धा हेच दोन गुण एकत्र आणायला धडपडते. या भागाला ही विद्या नवी नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. राजाच्या करमणुकींत त्यात 'मत्स्यविनोद' असा वेगळा भाग आहे. काठी, दोरी, गळ आणि कुठल्या माशाला कुठलं आमिष, याचा विचार राजानं तिथं बैजवार केलाय. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हा कुठं मत्स्यशास्त्राच्या लोकांचं त्याकडं लक्ष गेलं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्याला काही फार लांब नाही.

बांबूची अडचण एकच. दोरी काठीच्या दीडपटीपलीकडं जात नाही. मासा तीस हात आत असेल तर त्याला नमस्कार करून बसायचं. ही अडचण सोडवली एका गिरणीवाल्यानं. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या लोकरगिरणीतले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी कांडीवरून सूत सुटताना रोज पाहिलेलं. कांडी जागची हलत नाही, सूत तिच्या टोकावरून वेटोळी घेत सुटत जातं. त्यांनी तीच युक्ती मासेमारीच्या रिळाला लावली आणि १९०५ मध्ये पेटंट घेतलं. फिरत्या रिळाला आधी स्वतःला फिरवायला जोर लागतो, त्यामुळं हलकं आमिष फेकलंच जात नाही. स्थिर कांडीवरून मात्र दोन ग्रॅमचा किडासुद्धा दोरी ओढत निघतो. या रिळाला स्पिनिंग रील म्हणतात, आणि ते ज्या काठीला खालच्या अंगाला लटकतं तो स्पिनिंग रॉड. या काठीची पहिली कडी एवढी मोठी का, असं नवखे विचारतात. रिळातून दोरी वेटोळ्यांनी येते. ती वेटोळी एका मोठ्या कडीत गोळा करून हळूहळू लहान कड्यांत सरळ करायची असतात. कडी लहान असली की दोरी तिथंच फटफट आपटते आणि फेक अर्ध्यावर मरते.

आता काठीवरची अक्षरं. दुकानदार म्हणेल ही लाइट, ही मिडियम लाइट, ही मिडियम. या शब्दांना कसलंही प्रमाण नाही. एका कंपनीची लाइट दुसरीच्या मिडियमएवढी निघते. आपण ग्रॅमचा आकडा वाचावा. नाजूक गळासाठी २ ते ८ किंवा ३ ते १० ग्रॅम असं लिहिलेली काठी घ्यावी. कुठं औंसात असेल तर एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, पाव औंस म्हणजे सात. दुसरा आकडा दोरीचा, चार ते आठ पौंड म्हणजे पावणेदोन ते साडेतीन किलोचा ताण. हे दोन आकडे ज्या काठीवर छापलेलेच नाहीत, ती परत ठेवावी.

दुसरा शब्द ॲक्शन. काठीची ताकद वेगळी आणि ती वाकते कुठं हे वेगळं. फास्ट म्हणजे वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकणारी, मॉडरेट म्हणजे निम्म्यापर्यंत. नाजूक गळाला फास्ट हवी असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण माझं थोडं वेगळं मत आहे. एक्स्ट्रा फास्ट घेऊ नये. तिचा शेंडा तेवढा वाकतो, खाली लगेच ताठरपणा लागतो, आणि चिलापीच्या पातळ ओठातून गळ फाटून निघतो. पोराच्या बांबूला कंपनीवाले मॉडरेट-फास्ट म्हणाले असते. त्याच्या सातही चिलापी अडकल्या त्या अडकल्या.

मग येतो कार्बन, आणि इथं ग्राहकाला सगळ्यात जास्त गंडवलं जातं. काठीवर २४ टन, ३० टन, ४० टन असं झोकात लिहिलेलं असतं. काहींना वाटतं काठी तेवढं वजन पेलते. तसं काही नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाचा तंतू न तुटता ताणून दुप्पट लांब करता आला असता, तर त्याला किती टन ओढ लागली असती, तो हा आकडा. म्हणजे ताठपणाचं माप, मजबुतीचं नव्हे. फायबर ग्लासचा हाच आकडा सातच्या आसपास येतो. ताठ तंतू वापरला की कमी मालात काम भागतं, नळीची भिंत पातळ होते, काठी हलकी होते. पण पातळ भिंत दगडाला ठेचली की एके दिवशी ऐन माशावर कडाड करून मोडते. मधल्या किमतीत २४ ते ३० टन पुरे. चाळीस टनाची काठी दोन हजारांत मिळत असेल तर त्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवायचा हे आपलं आपण ठरवावं. आयएम-६, आयएम-७ ही अक्षरंही अशीच. ती मुळात एका अमेरिकन कंपनीच्या तंतूंची नावं होती. आता कुणीही, कशावरही छापतो.

हलकेपणाचा एवढा आग्रह का, हे समजून घ्यायला औंढ्याएवढी चांगली जागा नाही. याच तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी थरथर. एवढं बारीक ऐकू यायचं तर यंत्राची स्वतःची कुजबुज आधी बंद करावी लागते. म्हणून आरसे टांगायचे, जमिनीचे हादरे गाळायचे, नळ्यांतली हवा काढून घ्यायची. काठीचं गणित तेच, फक्त पैसे कमी. जड शेंडा, जड कड्या, सैल सांधा, कुरकुरणारं रील ही सगळी काठीची कुजबुज. माशाचा इशारा त्यात विरून जातो. महाग काठी जास्त ऐकते असं म्हणण्यापेक्षा ती स्वतः कमी बोलते असं मी म्हणेन.

आणि कुजबुज करणाऱ्यांत पहिला नंबर दोरीचा. साधी नायलॉन दोरी ओढ बसली की पुष्कळ लांबते. तीस हातांवर चिलापीनं किडा चोखला तर ती खबर ताणण्यातच जिरते. विणीची दोरी, जिला दुकानात ब्रेड म्हणतात, जवळजवळ ताणली जात नाही. तिची जाडी पीई या जपानी मापानं सांगतात. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर. आपल्याला ०.६ ते १ च्या मधली पुरते. तिच्या टोकाला हातभर-दीड हात फ्लोरोकार्बनची दोरी जोडायची, दगडाला घासून तुटू नये आणि माशाला दिसू नये म्हणून. काठीसाठी आणखी दोन हजार वाढवायच्या विचारात असाल तर आधी काही शे रुपयांची ही दोरी बदलून बघा. अर्ध्या लोकांना नवी काठी लागणारच नाही.

किमतीचं बोलायचं तर माझ्या हिशेबात मधली किंमत म्हणजे अडीच ते पाच-सहा हजार. हजाराच्या आत मिळते ती बहुतेक दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी काठी असते. ती पिशवीत मावते हा तिचा एकमेव गुण. प्रत्येक सांधा कुजबुजतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एकच कडी बसवता येत असल्यानं दोरी काठीच्या वाकाबरोबर चालत नाही. अडीच हजारांच्या वर दोन तुकड्यांची, बऱ्या कार्बनची, कड्या नीट बसवलेली काठी मिळू लागते. शिमानो, दायवा, अबू गार्सिया यांच्या मधल्या श्रेणी साधारण इथंच असतात. सहा हजारांच्या पुढं दर हजाराला मिळणारा फरक कमी कमी होत जातो. तो कळायला हात आधी तयार व्हावा लागतो.

लांबी साडेसहा ते सात फूट. काठावरून मासे धरायचे तर सात बरी, फेक लांब जाते आणि काठच्या गवतावरून दोरी उचलता येते. बाभळीखाली बसायची सवय असेल तर साडेसहा. एका तुकड्याची काठी सगळ्यात चांगली असं पुस्तकी लोक म्हणतात. त्यांनी हिंगोली-औंढा एसटीत सात फुटी काठी घेऊन एकदा चढून दाखवावं. दोन तुकड्यांची साडेतीन फुटांत मिटते आणि सामानाच्या फळीवर निवांत पडते. सांधा चांगला असला तर हाताला फरक कळत नाही. चांगला म्हणजे कसा? जोडल्यावर दोन भागांत किंचित फट राहिली पाहिजे. पूर्ण मिटला म्हणजे तो झिजल्यावर घट्ट व्हायला जागाच नाही.

दुकानात जाताना मी खिशात दोन गोष्टी नेतो, कापसाचा बोळा आणि दोरीचा तुकडा. आपल्या भागात कापूस मागायला कुणाकडं जावं लागत नाही. बोळा प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवायचा. कडीतल्या चिनी मातीच्या रिंगेला डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर कापसाचा तंतू तिथं अडकतो. तीच चीर पुढं दोरी रोज थोडी थोडी कापते आणि मोठा मासा लागला की हिशेब पूर्ण करते. विणीच्या दोरीला तर रिंग टणकच हवी, ॲल्युमिनियम ऑक्साइड चालतं, सिलिकॉन कार्बाइड त्याहून बरं. मग काठी डोळ्याला बंदुकीसारखी लावून बघायची. कड्या एका रेषेत आहेत का? कड्यांच्या पायांवरचा लाखेसारखा लेप गुळगुळीत आहे, की बुडबुडे आहेत? हे बघताना दुकानदार कंटाळतो. कंटाळू द्यावं.

दुसरी परीक्षा पाण्याच्या बाटलीची. आपलं रील काठीला लावायचं, दोरी सगळ्या कड्यांतून ओवायची आणि अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटलीला बांधायची. बाटली जमिनीवर, काठी कंबरेपासून जरा वर तिरपी. हळूच उचलायची. अर्ध्या किलोला शेंड्यापासून वाक सुरू होऊन निम्म्याच्या आसपास एकसारखा गोल उतरला पाहिजे. मधेच कोपरासारखा कोन दिसला तर तिथं भिंत पातळ आहे. सगळी काठी मुठीपर्यंत लोळली तर ती आपल्या कामाची नाही, आणि शेंडा सोडून काहीच हललं नाही तर ती भाच्याची पहिली काठी. शेवटी बाटली सोडून द्यायची आणि रिळासकट काठी एका बोटावर तोलायची. रिळाच्या दांडीच्या थोडं पुढं तोल आला की हात दिवसभर दुखत नाही. शेंड्याकडं झुकत असेल तर मनगट सारखं ती उचलून धरण्यात गुंतणार. गुंतलेलं मनगट ऐकत नाही. म्हणून रील कधी वेगळं घेऊ नये. या काठ्यांना १००० ते २५०० मापाचं रील शोभतं.

या काठीनं काय करू नये तेही सांगायला हवं. मरळ तिच्या वाट्याची नाही. जलपर्णीत दडलेली दोन किलोची मरळ बेडकावर तुटून पडते आणि पुन्हा देठांत शिरते. तिला तिथून उपसून काढायला जाड दोरी नि ताठ काठीच पाहिजे. भाच्याची हेवी काठी तिथं थोडीफार उपयोगी पडेल. मासा काठावर आला की काठी डोक्यावर सरळ उभी करून त्याला उचलू नये, सगळा भार पातळ शेंड्यावर येतो आणि तो तिथंच तुटतो. जाळी वापरावी. आणि कार्बनमधून वीज वाहते. शेतावरच्या तारांखाली सात फुटी काठी उभी धरून चालणं म्हणजे मरणाला बोलावणं, ढग गडगडू लागले की काठी आडवी ठेवून लांब जावं. धरणावरच्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या माणसांना विचारावं. त्यांचं पोट त्यावर चालतं, आपली ती हौस. आणि वरच्या अंगाच्या येलदरी धरणाचं वीजघर चालू झालं की खाली सिद्धेश्वरकडं पाणी सुटतं. ते कधी येईल, मासे तेव्हा कुठं सरकतील, हेही तेच सांगतात.

संक्रांतीला भाचा पुन्हा आला. या वेळी काठी साडेसहा फुटी, दोन तुकड्यांची, ३ ते १० ग्रॅमची, पहिलीपेक्षा आठशे रुपयांनी स्वस्त. तासाभरात त्याला तीन चिलापी लागल्या, त्यातली एक तळहाताएवढी. बांबूवाला पोरगा तिथंच होता. त्याला काठी धरायला दिली, तर त्यानं रिळाकडं बघितलंसुद्धा नाही. मुठीच्या पुढं दोरी अंगठा नि तर्जनीत हलकेच धरली, जशी तो स्वतःची धरतो, आणि पाण्याकडं न बघता दुसरीकडंच बघत उभा राहिला.

"हाय," तो म्हणाला. आम्हाला काहीच दिसलं नव्हतं. "अजून घेतलं न्हाई तिनं. थांबा."

मग त्यानं मनगट उचललं. काठी परत हातात यायला दुपारचे दोन वाजले.